सासऱ्यांची डावखुरी रायफल

आमच्या भागात एखाद्याला एखादी गोष्ट अजिबात आवडली नाही, की तो म्हणतो, "वेगळंच आहे हं." मनापासून आवडली, तर म्हणतो, "तसं वाईट नाही." आणि "छान आहे, फारच छान" असं कोणी म्हणालं, तर काहीतरी भयंकर घडलंय असं समजावं आणि आपलं जाकीट शोधायला लागावं. माझे सासरे इंगवाल्ड यांनी वाढदिवसाला मी दिलेलं लांबट खोकं उघडलं, आतली रायफल मांडीवर घेतली, तिच्या लाकडावरून डावा हात फिरवला आणि म्हणाले, "छान आहे. फारच छान आहे, वेंडेल."

माझी बायको मारित हिनं कॉफीच्या कपात डोकं घातलं. सासूबाई अल्विना उठल्या आणि ताटलीतल्या आधीच कापलेल्या वड्या पुन्हा कापायला लागल्या. जिथे कॉफी असते तिथे असतोच असा आमचा शेजारी ड्वेन खिडकीबाहेर बघत "यंदा थंडी लवकर पडणार" असं म्हणाला. एकटा मी तेवढा लग्नातल्या मुलाच्या बापासारखा सगळ्यांकडे बघून हसत होतो.

ही रायफल म्हणजे नुसती भेट नव्हती. मार्चमध्ये इंगवाल्डना झटका आला आणि त्यांचा उजवा हात गेला. गेला म्हणजे खांद्याला होता, पण असून नसल्यासारखा. डाव्या हातानं चमचा धरायला ते शिकले, दाढी करायला शिकले, सहीसुद्धा शिकले. पण हृदयही थकलं होतं. डॉक्टरांनी मारितला बाहेर बोलावून सांगितलं, "पुढच्या शरदाचे बेत आखू नका. हा नोव्हेंबर मिळेल बहुतेक." नोव्हेंबरातल्या पहिल्या शनिवारी हरणांची शिकार सुरू होते. इंगवाल्डनी तो दिवस जन्मात चुकवलेला नव्हता. त्यांची जुनी रायफल मात्र उजव्या हाताची होती आणि आता ती भिंतीवर लटकत होती.

ऑगस्टमध्ये एकदा मका खाता खाता ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "डाव्या हाताच्या रायफली मिळतात म्हणे हल्ली." इंगवाल्डच्या भाषेत हे गळ्यात पडून रडण्यासारखं होतं. मारितनं माझ्याकडे पाहिलं. मी जिल्हा कचेरीत घरपट्टीच्या खात्यात आहे. आख्ख्या जिल्ह्यात शिकार न करणारा मी आणि आमचा पाद्री असे दोघेच, आणि पाद्र्याला निदान गळ टाकता येतो. सासरे मला लग्नापासून 'तो ऑफिसातला' म्हणत आले. तेव्हा मी ठरवलं, की ही रायफल मी आणणार, एकटा आणणार, आणि कोणाला विचारून आणणार नाही. यातलं शेवटचं कलम फार महागात पडलं.

घरी परतताना गाडीत मारितनं आधी हीटर लावला. मग म्हणाली, "बोल्ट उजव्या बाजूला होता."

"कसला बोल्ट?"

"गोळी झाडली की दर वेळी जी दांडी मागे ओढून पुढे ढकलायची असते, ती. ती उजवीकडे होती, वेंडेल. ती उजव्या हाताची रायफल आहे."

"पण खोक्यावर स्पष्ट लिहिलंय डाव्या हाताची म्हणून."

"बाबा खोक्यानं शिकार करणार नाहीत."

मी गाडी बाजूला घेतली. मग तू तिथेच बोलली का नाहीस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, बाबांनीच काही म्हटलं नाही तर मी कशी म्हणणार? आणि तुम्हाला सगळ्यांना दिसलं होतं का, असं विचारलं तेव्हा म्हणाली, "आई तर वड्या कापायला लागली होती."

आता दुकानात घेताना मी ती उघडून का पाहिली नाही, हा प्रश्न मला पुढे इतक्या लोकांनी विचारला आहे की इथे एकदाच सांगून टाकतो. काउंटरवरच्या लोरेनबाईंनी विचारलं होतं, "बघायचीय का?" आमच्याकडे विकणाऱ्याच्या समोर माल तपासणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. शिवाय उघडून बघितली असती तरी मला काय कळणार होतं? म्हणून मी जाणकारासारखा हात हलवून म्हणालो, "नको, विश्वास आहे." बाईंना बरं वाटलं. त्यांनीही खोकं उघडलं नाही. रायफलीचा नंबर खोक्यावरूनच टिपला, बंदूक घेणाऱ्याची करतात ती माझी सरकारी तपासणी झाली आणि मी ते खोकं काखेत मारून ऐटीत बाहेर पडलो. दोन माणसांच्या सभ्यपणातून हा सगळा घोळ झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ड्वेन हजर. त्याला कॉफी दिली, कारण न देण्याची सोय नाही.

"तुझ्या सासऱ्यांना बोल्ट करवतीनं कापून दुसऱ्या बाजूला जोडून दिला तर?" तो म्हणाला.

"जोडता येतो?"

"नाही. पण कापता येतो." त्यानं थोडा विचार केला. "उलटी धरली तर?"

"ड्वेन, उलटी धरली तर नेमाची दुर्बीण खाली जाईल."

"हो, ते आहे. मग उसनी घे एखादी. इकडे डावखुरे तिघं आहेत. दोघं स्वतः शिकारीला जाणार, आणि तिसरी हॅरिएट. ती तुझ्याशी बोलत नाही. घरपट्टी."

उसनी आणण्यात आणखी एक अडचण होती. उसनी आणली तर चूक माझ्या लक्षात आली आहे हे इंगवाल्डना कळलं असतं. ते कळलं, की आपण नाराजी लपवायला कमी पडलो असं त्यांना वाटलं असतं. त्यामुळे त्यांच्या नकळत गुपचूप अदलाबदल करायची आणि मग ती पहिल्यापासून डावखुरीच होती असा सगळ्यांनी मिळून चेहरा करायचा, असं ठरलं. सासूबाई फोनवर म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस. त्याला वाईट वाटेल की तुला वाईट वाटलं."

रायफल सासऱ्यांकडेच ठेवून मी तिचे फोटो काढले आणि दुकान गाठलं. दुकानाचं नाव सांगत नाही. त्यांच्याकडे वकील आहे, माझ्याकडे ड्वेन आहे.

लोरेनबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि फार मायेनं म्हणाल्या, "इथे तर डाव्या हाताची दाखवतंय हो."

"पण आहे ती उजव्या हाताची. हा फोटो बघा."

"फोटोत उजव्या हाताचीच आहे," त्यांनी मान्य केलं. "पण आमच्याकडून गेली ती डाव्या हाताची. तुम्हाला बदलून काय हवीय?"

"डाव्या हाताची."

"म्हणजे तीच."

"तीच, पण डाव्या हाताची."

"अहो, वस्तू तिच्याच बदल्यात कशी देणार? हां, खराब असेल तर देता येते. खराब आहे का?"

आता काय सांगणार? उजव्या हाताची रायफल म्हणून ती उत्तम होती. बावीस वर्षं मी कचेरीच्या खिडकीत बसून लोकांना असंच गोड बोलून परत पाठवत आलो. खिडकीच्या या बाजूला हवा जरा कमी असते असं मला त्या दिवशी जाणवलं.

मग बाईंनी फोटोतला नळीवरचा नंबर वाचला, कॉम्प्युटरमधला वाचला, परत फोटोतला वाचला आणि आवाज एकदम खाली आणला. "मर्लला बोलावते."

मर्ल म्हणजे मॅनेजर. त्यानं मला आतल्या खोलीत नेलं, दार लावलं आणि म्हणाला, "हे जरा वेगळंच आहे हं."

प्रकार असा होता. एकाच दिवशी सारख्याच दोन रायफली आल्या होत्या, एक डाव्या हाताची, एक उजव्या. कोणीतरी बघायला म्हणून दोन्ही बाहेर काढल्या आणि परत ठेवताना खोकी बदलली. त्यामुळे माझ्या नावावर होती ती डावखुरी रायफल दुसऱ्याच कोणाकडे होती, आणि त्याच्या नावावरची उजवी माझ्या सासऱ्यांच्या स्वयंपाकघरात.

"मग त्या माणसाला बोलवा," मी म्हणालो.

"केला होता फोन मघाशी, तुम्हाला आत आणायच्या आधीच. तो म्हणतो त्याची काही तक्रार नाही."

"तक्रार नाही? त्यानं उजव्या हाताची विकत घेतली आणि त्याला डाव्या हाताची मिळाली. तो डावखुरा आहे का?"

"तसं कसं विचारणार? खासगी बाब आहे."

"त्याचं नाव तरी सांगा."

"ते तर अजिबात सांगता येत नाही. तो त्याची घेऊन आला की तुम्ही तुमची आणा. दोन्ही एकदम आल्या तर पाच मिनिटांचं काम आहे. तोवर नीट सांभाळा हं ती. म्हणजे कायद्यानं बघायला गेलं तर ती तुमची नाहीच."

थोडक्यात, मी सासऱ्यांना वाढदिवसाला दुसऱ्याची बंदूक भेट दिली होती. दुसरी नवी डावखुरी मागवता येईल का विचारलं, तर कारखान्याकडून नाताळानंतर. नाताळानंतर इंगवाल्ड असतील की नाही हे मला मर्लला सांगता आलं नाही. तोंड उघडलं आणि "बरं, बघू" एवढंच बाहेर आलं. दुलुथ शहरापर्यंतच्या सगळ्या दुकानांना फोन केले, पण मोसमाच्या तोंडावर डावखुरी रायफल कुठेच शिल्लक नव्हती.

मुख्य कचेरीला फोन केला. बराच वेळ फोनमधली बासरी ऐकल्यावर दक्षिणेकडच्या एका बाई आल्या. त्यांनी माझी सगळी कर्मकहाणी ऐकली आणि म्हणाल्या, "नाही. जमणार नाही." जन्मात पहिल्यांदाच मला कोणीतरी सरळ नाही म्हटलं होतं. मी त्यांचे मनापासून आभार मानले आणि फोन ठेवल्यावर स्वतःवरच चिडलो.

मर्लच्या खोलीतून खाली मान घालून बाहेर पडताना मला चर्चमधल्या कोणीतरी पाहिलं असावं. रविवारपर्यंत बातमी अशी झाली, की वेंडेलकडे दुसऱ्याच्या नावाची बंदूक सापडली. प्रार्थनेनंतर लोक माझा हात जरा जास्तच वेळ दाबत होते. संध्याकाळी दारात खिमा-भाजीची, वर बटाट्याची भजी रचलेली गरम हॉटडिश घेऊन पाद्रीणबाई आल्या. आमच्याकडे न सांगता हॉटडिश आली म्हणजे घरात एक तर मयत आहे किंवा पोलीस. "काही बोलायचं असेल तर आम्ही आहोत," त्या म्हणाल्या. पाठोपाठ आणखी दोन आल्या. आठवडाभर आम्ही तेच खात होतो. कचेरीत तर ज्यांची घरपट्टी मी वाढवली होती तीच माणसं माझ्याकडे दयेनं बघायला लागली. त्यांच्या शिव्या मी वर्षानुवर्षं पचवल्या आहेत, पण ती दया काही केल्या पचेना.

या सगळ्यात इंगवाल्ड दिवसेंदिवस वाळत चालले होते. मी गेलो की ते विचारत, "दुकानवाले बरे आहेत का?" मी म्हणे, "बरे आहेत." ते म्हणत, "रायफल छान आहे." मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. एकदा गेलो तर ते घरात नव्हते, जुन्या गोठ्यात होते. तिथे आता गुरं नाहीत, चार पेंढ्या आहेत फक्त. अंगावर गवत, कपाळावर घाम, श्वास लागलेला. "काय करत होतात?" मी विचारलं. "काही नाही," ते म्हणाले. "जरा हात मोकळा करत होतो." डॉक्टरांनी व्यायाम सांगितला असेल असं मला वाटलं.

मोसमाच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, ड्वेन नेहमीपेक्षा लवकर आला आणि कॉफीची वाटही न बघता बोलायला लागला.

"खडीच्या खाणीत नेमबाजीला गेलो होतो काल. तिथे एक जण होता. डाव्या खांद्यावरून झाडत होता. असा वाईट नेम मी उभ्या जन्मात पाहिला नाही. गोठा ठेवला असता तर गोठाही चुकला असता."

"मग?"

"मग त्यानं माझ्याकडून कॉफी घेतली. उजव्या हातानं."

मी खुर्चीवरून उठलो. त्या माणसाचं नाव एलरॉय, पलीकडच्या गावात घरं गरम ठेवायच्या भट्ट्या दुरुस्त करतो, ही माहिती ड्वेननं काढलेली होतीच. अर्ध्या तासात आम्ही त्याच्या दारात होतो.

एलरॉय दांडगा, लाजाळू माणूस. त्यानं आम्हाला आत बोलावलं. आम्ही पावसावर बोललो, मग बर्फावर, मग त्याच्या कुत्र्यावर. ड्वेननं कुत्र्याचं वय विचारलं. मी घड्याळाकडे बघितलं आणि शेवटी म्हणालो, "नवी रायफल कशी वाटते?"

"तसं वाईट नाही," एलरॉय म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले.

मग मी आमच्या जिल्ह्यात कोणी करत नाही ते केलं. सरळ बोललो. "एलरॉय, तुमच्याकडे माझी रायफल आहे आणि माझ्याकडे तुमची. तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

तो बराच वेळ कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवत राहिला. "काउंटरवरच्या बाई फार चांगल्या आहेत हो," तो शेवटी म्हणाला. "परत नेली असती तर त्यांना बोलणी बसली असती. म्हटलं, आपणच शिकू डाव्या हातानं."

"पण दुकानातून फोन आला होता ना तुम्हाला?"

"आला होता. मॅनेजर इतका ओशाळला होता की मला काही सांगवेना." त्यानं मान वर केली. "आणि आता सवय झालीय मला. खरंच झालीय."

मी त्याला इंगवाल्डबद्दल सांगितलं. हात, हृदय, डॉक्टर, उद्याचा शनिवार, सगळं. गेल्या महिन्याभरात हे मी पहिल्यांदाच कोणाला तरी सलग सांगत होतो. एलरॉय आत गेला आणि रायफल घेऊन आला. "दुकानात भेटू दुपारी," तो म्हणाला. "पण बाईंना रागावू नका हं."

तिथून मी थेट सासऱ्यांकडे. ते स्वयंपाकघरात बसले होते, रायफल शेजारी भिंतीला टेकवलेली. मी म्हणालो, "जरा हिचं तेलपाणी करून आणतो. उद्यासाठी."

इंगवाल्डनी माझ्याकडे पाहिलं. "ती आहे तशी बरी आहे, वेंडेल."

"तासाभरात आणतो."

"खरंच बरी आहे."

मी त्यांच्या खांद्यावर थोपटलं. केवढा मोठ्या मनाचा माणूस, असं मला वाटलं. मी रायफल उचलली आणि बाहेर पडलो.

दुकानात मोसमाच्या आदल्या दिवशीची झुंबड होती, पण लोरेनबाईंनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. दोन्ही रायफलींचे नंबर नळीवरून वाचले, कागदाशी ताडले. कागद मुळापासून बरोबर होते, फक्त बंदुका चुकल्या होत्या. मर्लला इतका आनंद झाला की त्यानं आम्हा दोघांना एकेक भडक नारिंगी टोपी फुकट दिली. मी ती तिथेच डोक्यावर चढवली. गाडी चालवताना आरशात स्वतःकडे बघितलं आणि 'तो ऑफिसातला' आता संपला असं मनाशी म्हणालो.

शनिवारी उजाडायच्या आधी मी इंगवाल्डना त्यांच्या मचाणात नेलं. मचाण कसलं, जमिनीवरची लाकडी खोली ती, त्यांनीच बांधलेली, एका बाजूला फळीएवढी खिडकी. गॅसची शेगडी पेटवली. त्यांना खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर घोंगडी टाकली, नळी खिडकीच्या फळीवर टेकवून दिली. त्यांनी डावा हात रायफलीवर ठेवला आणि थांबले. बोल्टकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

"तेलपाणी केलं," मी म्हणालो.

"दिसतंय," इंगवाल्ड म्हणाले.

उजाडलं. दलदलीवर धुकं होतं. लग्नानंतर इतका वेळ मी आणि इंगवाल्ड एका खोलीत दोघंच कधी बसलो नव्हतो, आणि मला ते बरं वाटत होतं. मग त्यांनी कोपरानं मला हळूच ढोसलं.

सूचिपर्णींच्या कडेला नर उभा होता. मला शिंगं मोजता येत नाहीत, पण ती पुष्कळ होती. इंगवाल्डनी गाल लाकडाला लावला. त्यांचा श्वास घरघरत होता. त्यांनी तो धरला आणि चाप ओढला. खोली हादरली. गोळी वरून गेली असावी, कारण नर जागच्या जागी उभा राहिला. आवाज कुठून आला हे त्याला कळलं नव्हतं. तो आमच्या दिशेनं बघत होता. पुन्हा एकदा झाडायला भरपूर वेळ होता.

इंगवाल्डचा डावा हात उचलला गेला. तो दुर्बिणीच्या वरून पलीकडे गेला, झपकन, सराईतपणे, आणि रायफलीच्या उजव्या बाजूला उतरला. तिथे बोटं काहीतरी शोधायला लागली. तिथे काही नव्हतं. गुळगुळीत लोखंड होतं फक्त. बोटं पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे गेली. मग हात थांबला. आता कुठे जायचं हे त्याला आठवलं आणि तो परत डावीकडे यायला निघाला, तेवढ्यात नरानं शेपटी उडवली आणि दोन पावलांत झाडीत शिरला.

शेगडीचा आवाज तेवढा येत होता.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. हात चुकला."

मी थर्मासमधली कॉफी ओतली. त्यांनी ती डाव्या हातानं घेतली, थोडी सांडली. खिडकीबाहेर बघत ते बोलायला लागले, आणि इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"वाढदिवसापासून रोज गोठ्यात जात होतो. फळीवर टेकवायची, झाडल्यासारखं करायचं, हात वरून पलीकडे न्यायचा, ओढायची, ढकलायची. आधी जमेना. बोटं सोलली. मग जमायला लागलं. शेवटी शेवटी तर डोळे मिटून जमत होतं. अल्विनानं घड्याळ लावून बघितलं." ते थोडं हसले. "चांगलं जमत होतं."

मी कप फळीवर ठेवला. "मग मला सांगितलं का नाही?"

त्यांनी माझ्याकडे नवलानं पाहिलं.

"सांगितलं की. काल. बरी आहे म्हणालो. दोनदा म्हणालो."

मी रडलो. त्या नारिंगी टोपीत, सासऱ्यांच्या समोर, नाक ओढत रडलो. लग्नापासून या माणसाच्या 'बरं आहे'खाली काय दडलंय ते मी खणत आलो, आणि एकदाच त्यांनी ते जसंच्या तसं म्हटलं तेव्हा मी त्यांच्या खांद्यावर थोपटून निघून गेलो. इंगवाल्डनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "बंदूक चांगली आहे. तिचा काही दोष नाही." दुपारपर्यंत आम्ही तसेच बसून होतो. दुसरं हरीण आलं नाही.

नंतरच्या दिवसांत त्यांना बाहेर काढता आलं नाही. जानेवारीत, नदी पक्की गोठलेली असताना, ते गेले.

चर्चच्या तळघरात जेवण होतं. लोरेनबाई आल्या होत्या, मर्ल आला होता. एलरॉयनं हॉटडिश आणली होती, आणि ती कुठे ठेवायची हे न कळून तो ती हातात धरूनच उभा होता. मी ती त्याच्याकडून घेतली.

"मोसम कसा गेला?" तो म्हणाला. विचारायचं म्हणून विचारलं.

"तसा वाईट नाही," मी म्हणालो. "तुमचा?"

"माझाही तसा वाईट नाही." तो जरा घुटमळला. "एक मोठा नर आला होता. पण माझा हात सारखा डावीकडेच जात होता."

आम्ही दोघं थोडा वेळ आपापल्या बुटांकडे बघत उभे राहिलो. मग त्याला कोणीतरी कॉफी दिली.

पाहुणे गेल्यावर सासूबाईंच्या स्वयंपाकघरात आम्ही तिघंच उरलो, मी, मारित आणि त्या. अल्विना आत गेल्या आणि ते लांबट खोकं घेऊन आल्या. टेबलावर माझ्यासमोर ठेवलं.

"ही वेंडेलला द्यायची, असं तो म्हणाला होता," त्या म्हणाल्या. "दोनदा म्हणाला."

मी खोकं उघडलं. रायफल मांडीवर घेतली. माझा उजवा हात आपोआप पुढे झाला आणि रिकाम्या बाजूला जाऊन थांबला. लाकडावर, त्या शनिवारी त्यांचा गाल जिथे टेकला होता त्याच्या जवळ, सांडलेल्या कॉफीचा पुसट डाग होता.

"छान आहे," मी म्हणालो. "फारच छान आहे."

मारितनं कॉफीच्या कपात डोकं घातलं. सासूबाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मग उठल्या आणि ताटलीतल्या कापलेल्या वड्या पुन्हा कापायला लागल्या.